हातचा

अल्व्हरस्टनला नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
हिलरी थ्वेट दार न वाजवताच आत आली,
काखेत लॅपटॉप, बुटांना शेताचा चिखल,
म्हणाली, "एकाहत्तर टक्क्यांवर मेलं."

मेलं नव्हतं. अडलं होतं.
मी नोंदी वाचत गेले,
बॅरोच्या इस्पितळात रात्रपाळीला एक्स-रे बघते तशी:
मोडलंय काय ते नंतर,
आधी शाबूत काय आहे.

क्लाइव्ह पेंडलबरी पोस्टातला कारकून.
त्याने दोन हजार अकरा साली
त्यांच्या चर्चच्या आठ घंटांचं तीन तासांचं वादन
तुकडे तुकडे करून यूजनेटवर ठेवलं.
हजारो तुकडे, प्रत्येकावर आकडा.
सर्व्हर म्हणजे काही चित्रगुप्ताची वही नव्हे.
काही तुकडे जुने म्हणून झाडून टाकले,
काही मुळात पोचलेच नसावेत.
मग क्लाइव्ह गेला,
मनोऱ्याला तडा गेला,
घंटा दोरखंडाने आवळून ठेवल्या.
हिलरी त्यातली चौथी ओढायची. एकतीस वर्षं.

पण कारकुनाने हातचे ठेवले होते.
सात नि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक:
तसे नाही अगदी, पण मी तिला असंच सांगितलं.
मूळ आवाजाशेजारी त्याने
नुसत्या हिशेबाचे तुकडे ठेवले,
ज्यांत एकही घंटा वाजत नाही,
पण कुठलाही हरवला तरी
त्याच्या जागी जे उभे राहू शकतात.
कोण हरवणार हे ठाऊक नसताना
केलेली तजवीज.

यंत्राने सगळं मोजलं.
हवेत एकसष्ट. आहेत अठ्ठावन्न.

तीन.
पंगतीत तीन पानं कमी पडली
तर यजमान उठून उभे राहतात, भागतं.
इथे अठ्ठावन्न आणि शून्य सारखेच.

दुसऱ्या कंपनीचे पाच पौंड भरले.
तिथेही नेमकी तीच भोकं.
दुकानाच्या पाट्या वेगळ्या, गोदाम एकच.
पुन्हा रांगेत लावलं. पुन्हा तेच.
चहा निवला. हिलरी टेबलावर बोटांनी
एक ते आठ उलटसुलट वाजवत होती,
"एकही फेरा दुसऱ्यांदा यायचा नाही," म्हणाली,
"आणि एखादी गप्प राहिली
तर कोण ते न बघता कळतं."

मग थांबली.
"क्लाइव्हने मला एक सीडी दिली होती.
बाविसाव्या मिनिटाला अडकायची."
"कुठाय?"
"वाटाण्याच्या वेलांवर.
कबुतरं घाबरतात."

टॉर्च घेऊन गेली, दोऱ्यासकट आणली.
भोकातून अजून सुतळी लोंबत होती.
मी चष्म्याच्या फडक्याने पुसली.
ड्राइव्ह कण्हला, थांबला, पुन्हा कण्हला,
दोन तास.
निघाली ती एक लंगडी फाइल,
नाव चुकीचं, शेपूट तुटलेलं.

यंत्र नाव विचारत नाही.
ते प्रत्येक तुकड्याचा ताळा बघतं,
जुळला की आपला.

पोर्टलवर न सापडलेले, वाटाण्यावर सापडलेले:
चार.

आता हवेत सत्तावन्न. आहेत अठ्ठावन्न.
पडद्यावरची पट्टी मुंगीच्या चालीने सरकली
आणि कसलाही गाजावाजा न करता
दुरुस्ती पूर्ण, असं लिहून थांबली.

आम्ही लावलं.
आधी दोरांची सरसर, बूट,
कुणीतरी खोकलं.
"मी," हिलरी म्हणाली. "तेव्हा ओढायचे सिगरेटी."
तो खोकला मूळचा,
की यंत्राने हिशेबाने मांडलेला,
मला सांगता येणार नाही.
चांगल्या रफूचा धागा दिसत नाही.

मग आठही.

ती निघताना मी सीडी परत दिली.
"जपून ठेव," म्हटलं.
"हो तर," ती म्हणाली,
"मार्चमध्ये पेरणी आहे."

एक हातचा उरला होता, न वापरलेला.
मी तो पुसला नाही.